खवले ल्यायलेला घोडा

मस्कतला निघाले तेव्हा माझ्या पर्समध्ये आमसुलांच्या पुडीखाली सहा हरलेले लोक होते. रोमन विजयस्तंभावर कोरलेले. लेकीने व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो मी छापून घेतले होते. सातवीतल्या ईराला, माझ्या नातीला, शाळेच्या प्रदर्शनात प्रत्येकाची जमात परीक्षकांसमोर सांगायची होती. गेल्या वर्षी तिची ऐन वेळी वाचा बसली होती, म्हणून यंदा आजीला बोलावणं.

आजी म्हणजे चिपळूणला तीस वर्षं इतिहास शिकवलेली बाई. तरुणपणी मी नुसती टोपी बघून जमात सांगायचे. रोम राहू दे, तेव्हा मी पुण्याच्या पुढे गेले नव्हते.

मस्कतजवळच्या सीबला, लेकीच्या घरी पोचल्यावर तासाभरात निकाल दिला. टोपीवाला तो डेशियन सरदार, मोकळ्या केसांची ती त्यांची रयत, आणि घोड्यासकट खवल्यांच्या चिलखतात शिरलेला तो सार्मेशियन. ईराने लेबलं चिकटवली.

दुसऱ्या सकाळी जुन्या सूकमध्ये (बाजारात) मासळी घ्यायला गेलो. एक विक्रेता विझार (लुंगीसारखं वस्त्र) आणि बनियनवर बसला होता. मी ईराच्या कानात सांगितलं, हा केरळचा, आणि त्याला हिंदीत गाव विचारलं.

"सीब," तो हिंदीतच म्हणाला. "बाप यहीं का, दादा यहीं का. समंदर पे सब यही पहनते हैं, अम्मा."

मी सुरमईचे कल्ले उघडून बघत होते. तेवढ्यावरून त्यानेही माझं निदान केलं. "आप बंगाली."

मी नाही म्हटलं, तर तो ऐकेना. असे कल्ले बंगालीच बघतात म्हणे. इतका आत्मविश्वास मी फक्त माझ्याच वर्गात पाहिला होता.

ईरा घरापर्यंत हसली आणि दारात रडकुंडीला आली. "आजी, मग आपली लेबल्सपण राँग असतील? उद्या मी काय बोलू?"

तेव्हा कुठे मी चष्मा लावून फोटो नीट पाहिले. खवले घोड्याच्या खुरांपर्यंत, अंगाला घट्ट. असा घोडा दोन पावलं तरी टाकेल का? कोरणाऱ्याने तो बहुधा पाहिलाच नव्हता, ऐकून कोरला होता. ईरा बराच वेळ त्या घोड्याकडे बघत राहिली.

प्रदर्शनात परीक्षकांनी नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं: हा सार्मेशियन कशावरून? ईराने हात मागे नेऊन माझा पदर मुठीत धरला. मग ती इंग्रजीत म्हणाली, "नक्की माहीत नाही, सर. कोरणाऱ्यालाही माहीत नव्हतं." आणि खवल्यांवर अशी सुटली की परीक्षक वाकून घोड्याचे पाय बघू लागले.

बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं. परतीच्या विमानात मला एवढंच वाटत होतं, की तीस वर्षांत मी पोरांकडून ढीगभर नावं घोकून घेतली, पण 'माहीत नाही' म्हणायला एकालाही शिकवलं नाही.

घरी सुनेने विचारलं, "ओमानी लोक कसे असतात हो, आई?"

जिभेवर आलेलं व्याख्यान गिळलं. "एकाशीच नीट बोलले," म्हटलं. "त्याची सुरमई ताजी होती."