गाडी धुणारा ड्रायव्हर

त्या दुकानदाराचं नाव मी विचारलंच नाही. नव्या गाडीच्या रंगाची चमक टिकवायला वॅक्स घ्यावं की सीलंट, यावर मोबाईलवरून पाठ केलेलं व्याख्यान मी त्याला खामगावात त्याच्याच गाडीच्या सामानाच्या दुकानासमोर ऐकवलं. तो म्हातारा ऐकता ऐकता बॉनेटवरच्या बारीक ओरखड्यांवरून बोटं फिरवत होता.

"भांड्याच्या घासणीनं कोनं धुतली हे?"

"ड्रायव्हरनं," मी म्हणालो. मला ड्रायव्हर नाही. घासणी मीच चालवली होती.

"मंग वॅक्स राहू द्या. आधी त्याले धुवाले शिकवा."

त्याने मऊ कपडा ओला करून माझ्या हातात दिला आणि मनगट धरून हळूच फिरवला. "जोर नाही द्याचा. असं सांगा त्याले."

मी तसाच हलक्या हाताने कपडा फिरवून दाखवला.

निघताना तो म्हणाला, "ड्रायव्हर चांगला हाये तुमचा, साहेब. लवकर शिकते."