डाव्या पायाचा अंगठा

आमच्या यांना मरायची भारी हौस. नाटकात म्हणते मी. आमच्या हौशी नाट्यमंडळात यांना नेहमी बापाची, नाहीतर आजोबाची भूमिका मिळायची आणि त्यात हे मरायचेच. मला त्याचं काही वाटत नसे. छातीत स्टेंट बसला तेव्हापासून मात्र वाटायला लागलं.

दगदग करू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. कोराडीच्या पॉवर स्टेशनातली नोकरी संपलेली, आता घरी पेपर वाचत बसावं की नाही माणसानं? पण नव्या नाटकाचं वाचन झालं आणि हे पुन्हा नंदनवन वस्तीतल्या बुद्धविहाराच्या हॉलवर तालमीला जायला लागले. आमच्या मंडळात पगार कोणालाच नाही. कोणी बँकेतून येतं, कोणी शाळेतून, आणि आम्ही बायका घरातल्या साड्या, भांडी, चादरी उचलून नाटकाला देतो. तिकिटंही आम्हीच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गळ्यात मारतो. स्टेंटचं मंडळात कोणाला सांगायचं नाही, अशी यांची सक्त ताकीद. सांगितलं असतं तर भूमिका गेली असती ना! मी चिडले, भांडले, बोलणंच सोडलं. शेवटी मीच एका अटीवर कबूल झाले.

नाटकात बाप छाती धरून कोसळतो. मग शेवटच्या प्रवेशात त्याचं प्रेत खाटेवर ठेवलेलं असतं आणि पोरं घराच्या वाटणीवरून भांडत राहतात. यांनी छाती धरली तर ती खरी की खोटी, हे मला कसं कळावं? म्हणून असं ठरलं, की नाटकातली सून पाणी आणायला आत गेली की प्रेतानं डाव्या पायाचा अंगठा हलवायचा. सून दोनदा आत जायची. मी पहिल्या रांगेत कोपऱ्यात बसणार, पर्समध्ये जिभेखाली ठेवायची गोळी घेऊन.

दिग्दर्शकाच्या ते नजरेला आलंच. बँकेतला तरुण पोरगा, स्वभावानं गोड, पण नजर घारीची. काकाजी, मेलेला माणूस अंगठा कसा हलवेल, म्हणून रोज कुरकुर करायचा. हे आपले, सवय आहे बुवा, म्हणून हसायचे. कंटाळून त्यानं प्रेतावर शाल घालायचं ठरवलं. शाल आणायचं काम माझ्याकडे होतं. मी घरातली सगळ्यात आखूड शाल नेली. छाती झाकली की पाय उघडे.

स्पर्धेतला प्रयोग दुपारचा होता. हे कोसळले ते असे, की माझ्या मागची बाई अगं माय म्हणाली. माझा जीव तेव्हापासूनच टांगणीला लागला. शेवटचा प्रवेश सुरू झाला, सून पाणी आणायला आत गेली. मी डोळे फाडून पाहत होते. अंगठा हलला नाही.

उजेड कमी असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मग वाटलं, दिग्दर्शकाचं ऐकून स्पर्धेपुरतं यांनी मुद्दामच केलं असेल, आणि माझं डोकं तापलं. घरी चला, दाखवते तुम्हाला. पण घरी यायला माणूस उरला तर ना! वर पोरं भांडत होती. धाकट्याचं काम विनोदी, त्यामुळे लोक चक्क हसत होते. एवढ्या जणांची मेहनत, मी उठले आणि काहीच नसलं तर मंडळात तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. नाही उठले आणि खरंच काही असलं तर? सून दुसऱ्यांदा आत गेली. अंगठा तसाच.

मी उठले. बाजूच्या पायऱ्या चढून विंगेत गेले. दिग्दर्शकानं माझा हात धरला, काकू, इकडे काहून, असं काहीतरी पुटपुटला. मी हात झटकला आणि सरळ उजेडात गेले. पोरांची बोलती बंद झाली. सुनेचं काम करणारी बाई शाळेत शिक्षिका, तशी हुशार. आतून पाणी घेऊन येताच आत्याबाई आल्या, म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. तिला बाजूला सारून मी खाटेच्या पायथ्याशी बसले आणि तो अंगठा मुठीत गच्च धरला.

ओठ न हलवता हे पुटपुटले, "आहे वं मी. जित्ता आहे."

यांच्या पायावर डोकं टेकवून मी हमसून हमसून रडले, पण अंगठा काही सोडला नाही. पडदा पडला तेव्हा बाहेर टाळ्या चालल्या होत्या.

दिग्दर्शक आधी लालबुंद झाला होता, टाळ्या ऐकून निवळला. पुढच्या प्रयोगात आत्याबाई ठेवूनच देऊ, म्हणाला. मला एक शब्द ऐकायचा नव्हता. यांना तोंडावरचा रंगही नीट पुसू दिला नाही, तसंच हाताला धरून बाहेर आणलं. बाहेर उन्हात माझी स्कूटी उभी होती. हे मागे रेंगाळत होते, त्याचाही मला राग. तोंडाला येईल ते बोलत सुटले मी. बायकोपेक्षा नाटक मोठं झालं का, एक अंगठा हलवायला काय जात होतं, उद्यापासून तालीम बंद.

हे खरंच काही न समजल्यासारखे म्हणाले, "हलवून तर राहिलो होतो ना वं. दोन्ही टाइम. तू मुठीत धरला, तेव्हाबी हलवून राहिलो होतो. तुले समजलं नाही?"

मी खाली पाहिलं. यांच्या उजव्या पायात चप्पल होती. डावी पार मागे, फाटकाजवळ पडली होती. हे अनवाणी डावा पाय तापलेल्या डांबरावर ठेवून, चटक्याचा पत्ताच नसल्यासारखे माझ्या उत्तराची वाट पाहत उभे होते.

मी चप्पल आणायला गेले नाही. यांच्या कमरेला हात घातला, समोरून येणारा ऑटो थांबवला आणि ऑटोवाल्याला दवाखान्यात चल म्हणाले.