बोटांवर तोललेला ड्रोन

पिंपळवंडीतला मेकॅनिक दुरुस्त झालेला फवारणीचा ड्रोन दोन्ही हातांच्या एकेका बोटावर तोलून बघतो. कुठं झुकला नाही तरच म्हणतो, "न्या, भाऊ."

गेल्या हंगामात बोरीच्या द्राक्षबागेवर मी ड्रोनला भरवेगात वळण दिलं. अर्ध्या भरलेल्या टाकीतलं औषध हिंदकळलं, ड्रोन कलंडून पडला. ड्रोनच्या मालकाला मी सांगितलं, दुरुस्तीच कच्ची होती. मेकॅनिकनं निमूट ऐकून घेतलं. त्याची गिऱ्हाइकं तुटली.

काल ड्रोन पुन्हा दुरुस्तीला नेला, तेव्हा त्याला खरं सांगून टाकलं.

"ठाऊक व्हतं," पातं बसवत तो म्हणाला. "कुशीवर पडला व्हता, राव. वळतानाच पडतो तसा."

"मग बोलला का नाही?"

"तुमचं उडवायचं काम गेलं असतं."

त्यानं ड्रोन बोटांवर धरला. झुकला नाही.

"न्या, भाऊ. आन् अर्ध्या टाकीला दमानं वळा."