सरांचं स्वच्छ पुस्तक

फोनच्या पडद्यावर 'सर कटकट' असं नाव उमटलं आणि हातातला माऊस न सोडताच मी म्हणालो, "बोला सर, आता कसलं अपडेट आलं?" बस्त्याव सरांचा नंबर मी याच नावानं साठवला होता आणि त्यांना ते माहीत होतं, उलट त्याची त्यांनाच जास्त गंमत वाटायची. पण पलीकडे सर नव्हते. त्यांच्या पत्नी, फिलोमिना बाई होत्या. "सुहास, सर गेले रे," त्या म्हणाल्या. "सकाळी वाडीत पाणी सोडायला गेले, तिथेच खाली बसले... उठलेच नाहीत." माझ्या समोर एक बाई लग्नपत्रिकेचं प्रूफ घेऊन उभ्या होत्या, त्यांना मी हातानंच थांबा म्हणालो. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण तेच सांगायला हा लेख लिहायला बसलोय. दुःख मागाहून आलं, आणि आलं तेव्हा चांगलं उभं-आडवं घेऊन गेलं. पण सगळ्यात आधी मनात आलं ते एवढंच, की सुटलो, आता सांगावं लागणार नाही.

माझं आचोळ्यात डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, सोसायटीच्या सूचना, बारशापासून बाराव्यापर्यंत सगळ्याचा मजकूर आमच्याकडे जुळतो. सर वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावातले, आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. घरची केळीची वाडी, वाडीत बावखल, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. पहिल्यांदा दुकानात आले ते चर्चच्या कुठल्याशा कार्यक्रमाचं पत्रक करून घ्यायला. मी काम करत होतो आणि ते माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. मध्येच विचारलं, "हे सॉफ्टवेअर विकत घेतलंयस?" मी हसलो. म्हटलं, "सर, अख्ख्या आचोळ्यात असं एक दुकान दाखवा जिथे ओरिजिनल आहे." ते म्हणाले, "मी आचोळ्यात नाही बसलोय, तुझ्या दुकानात बसलोय." पत्रक न करताच निघून गेले. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. दोन दिवसांनी पुन्हा हजर, पत्रकासाठी नव्हे, वाद घालायला!

त्यानंतर पाचेक वर्षं हा माणूस आठवड्यातून दोनदा तरी स्कूटरवरून येऊन माझं डोकं खात होता. त्यांचा हिशेब सरळ होता. वस्तू विकत घ्या, नाहीतर बनवणाऱ्यानं स्वतःहून फुकट दिलेली वापरा. तिसरा रस्ता नाही. आमच्या ओळखीतल्यांच्या एका ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी वर्तमानपत्रांच्या पीडीएफ टाकायचं, सगळे हात जोडून धन्यवाद म्हणायचे, आणि खाली सरांचा रोजचा एकच मेसेज, 'ही चोरी आहे. शुभ सकाळ.' लोक वैतागले, एकानं त्यांना काढून टाकलं, दुसऱ्यानं परत घेतलं. स्वतः मात्र ते दोन पेपरांची ऑनलाइन वर्गणी भरायचे आणि वर एका मराठी संकेतस्थळालाही पैसे पाठवायचे, जे त्यांच्याशिवाय कुणी वाचत असेल असं मला काही वाटलं नाही. मी म्हणायचो, "अहो, जे फुकट दिसतंय त्याला पैसे कशाला?" तर म्हणायचे, "लिहिणाऱ्याला पोट नाही का? तू पत्रिका फुकट देतोस?" आणि दर महिन्याला भाडं घेणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव काढलं की तेवढेच चिडायचे. "खडू भाड्यानं घेऊन मी कधी शिकवलं नाही." म्हणजे दोन्हीकडून पंचाईत.

माझ्याकडेही उत्तरं होती, नव्हती असं नाही. गाळ्याचं भाडं होतं, गिऱ्हाईक पत्रिकेच्या पाच रुपयांसाठी घासाघीस करत होतं, आणि त्या सॉफ्टवेअरची कंपनी काही माझ्या जिवावर जगत नव्हती. मी तावातावानं हे सगळं बोलायचो, ते शांतपणे ऐकून घ्यायचे. एकदा विरारच्या एका दुकानदारानं माझ्या पत्रिकेचं डिझाइन फोटो काढून जसंच्या तसं उचललं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सर आले तेव्हा मी त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धारत होतो. सरांनी पूर्ण ऐकलं, चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "त्यानं तुझ्याकडून विकत घेतलं?" म्हटलं, नाही. "तू त्याला फुकट दिलंस?" नाही. "मग गेला असेल तिसऱ्या रस्त्यानं. तुला भेटला असेल की तिथे." च्यायला, असा राग आला होता! आणि हसूही आलं.

मग त्यांनी पुस्तक काढायचं ठरवलं. गावोगावची बावखलं, कुठली जिवंत आहेत, कुठली बुजवली, कुणाच्या वाडीत कुठल्या विहिरीला अजून पाणी आहे, याच्या नोंदी त्यांनी कित्येक वर्षं करून ठेवल्या होत्या, नकाशांसकट. पुस्तक मीच करायचं, पण एका अटीवर. "माझं पुस्तक चोरीच्या अवजारावर नको." त्यांनी स्वतःच माझ्या संगणकावर पान जुळवणीचं एक मुक्त, म्हणजे बनवणाऱ्यांनीच सगळ्यांना फुकट दिलेलं, सॉफ्टवेअर आणून बसवलं, त्याची माहितीपुस्तिका छापून आणली, आणि शेजारी स्टूल घेऊन मला शिकवायला बसले. वीस वर्षं हे काम करणाऱ्या मला! माझी बोटं जुन्या सॉफ्टवेअरला सरावलेली, ती भलत्याच ठिकाणी जायची. जोडाक्षरं फुटायची, ती नीट केली तर ओळी पळायच्या. तरी महिनाभरात अर्धं पुस्तक लागलं. खरं सांगतो, मजा येत होती. घरी गेल्यावर बायको विचारायची, आज सरांनी किती छड्या दिल्या?

घात केला नकाशांनी. नकाशावर बावखलांची नावं लावली की ती आपली निसटून कोपऱ्यात जाऊन बसायची, आणि जरा ओढाताण केली की सगळं बंद पडायचं. चर्चच्या सभागृहात एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर प्रकाशन ठरलं होतं, आमंत्रणं गेली होती, छापखान्याला फाईल त्याआधीच्या सोमवारी हवी होती. शनिवारी दुपारी सर कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. तिसऱ्यांदा सगळं बंद पडलं तेव्हा मी खुर्ची मागे सारली, पाणी प्यायलो आणि जुनं, चोरीचं सॉफ्टवेअर उघडलं. चार तासांत अख्खं पुस्तक लागलं. हात असे सुटले होते की बस. काही वाईटसुद्धा वाटलं नाही, उलट बरं वाटलं, हेही कबूल केलं पाहिजे. पीडीएफ झाल्यावर कशात केलंय ते कुणाला कळणार?

संध्याकाळी सर आले. मी काढून ठेवलेल्या प्रिंटचं पानामागून पान बघत गेले, नकाशांपाशी थांबले, आणि दोन्ही हातांनी माझे खांदे धरून म्हणाले, "बघ! म्हणत नव्हतो? जमतं!" मी तोंड उघडलं होतं... देवाशपथ उघडलं होतं. पण ते लगेच बाईंना फोन लावून ओरडून सांगायला लागले, सुहासनं करून दाखवलं म्हणून. फोन ठेवल्यावर म्हणाले, शेवटच्या पानावर एक ओळ घाल. त्यांनी सांगितली, मी टाइप केली. 'हे पुस्तक तयार करताना वापरलेलं प्रत्येक साधन मुक्त आहे किंवा रीतसर विकत घेतलेलं आहे. पुस्तकाची फाईल ज्याला हवी त्यानं मागावी, मिळेल.' ती ओळ मी त्यांच्या शेजारी बसून टाइप केली, त्याच चोरीच्या सॉफ्टवेअरमध्ये. चष्मा एव्हाना खिशात गेला होता त्यांचा, पडद्यावर काय उघडलंय ते दिसलं नसावं. प्रकाशनाला मला व्यासपीठावर बोलावून माझं कौतुक केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मान खाली घालून उभा होतो. लोकांना तो विनय वाटला.

पुढचं दीड वर्ष माझं कसं गेलं ते माझं मला ठाऊक. सर माणसं घेऊन यायचे, मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारं दुकान दाखवायला! स्कूटरचा आवाज आला की मी चालू काम खाली दडवून त्यांचं सॉफ्टवेअर वर आणायचो. एकदा सांगायचं ठरवून त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी बावखलात सोडलेले मासे दाखवण्यात दुपार घालवली. एकदा फोनवर सुरुवात केली, तर मध्येच गिऱ्हाईक आलं, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! शेवटची भेट त्यांच्या ओसरीवर झाली. निघताना म्हणाले, "त्या पुस्तकाची मूळ फाईल एकदा आणून दे रे. कुणी मागितली तर हाताशी असावी." मूळ फाईल त्या चोरीच्या सॉफ्टवेअरमध्येच उघडणारी, दिली असती तर सगळं उघडं पडलं असतं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात देतो. ते माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिले... की मलाच आता तसं वाटतंय, कोण जाणे. तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला.

सुटलो म्हणालो खरा, पण कसला सुटतोय. सरांना जाऊन महिना झाला त्या दिवशीच्या मिस्सानंतर बाईंचा पुन्हा फोन. विरारच्या एका शाळेतल्या शिक्षिकेला पुस्तकाची फाईल हवी होती. मुलांकडून आपापल्या भागातल्या विहिरी-तळ्यांची भर घालून घ्यायची आणि शाळेपुरतं छापायचं, असं तिच्या मनात होतं. "सरांनी लिहिलंय ना, मागा, मिळेल. घेऊन ये," बाई म्हणाल्या. मी पेनड्राइव्हवर पीडीएफ घेऊन गेलो. बाईंनी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यात मुलांना बदल करता येतील?" म्हटलं, नाही. "मग ही फाईल नव्हे." मी सांगायला लागलो आणि एकदा लागलो तो थांबलोच नाही. शनिवारची दुपार, नकाशे, ती ओळ, व्यासपीठ, सगळं. हुंदका आला तेव्हा वाटलं, आता बाई पाठीवर हात ठेवतील, जाऊ दे म्हणतील.

बाईंनी काही हात ठेवला नाही. पेनड्राइव्ह माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मी काय फादर आहे? तू रडून मोकळा होशील, पण त्या पोरांना काय देऊ मी?" मी म्हणालो, पुढच्या आवृत्तीतून ती ओळ काढून टाकू. तेव्हा त्या खरोखर चिडल्या. "ओळ काढायची नाही. ती खरी कर. आणि तुझ्या दुकानात बसून नाही. इथे, त्यांच्या टेबलावर."

दुसऱ्याच दिवशी गेलो. सरांची खोली उत्तरेकडची, खिडकीखाली संगणक. पासवर्ड विचारला तर बाई म्हणाल्या, ठेवलाच नव्हता. त्यांचं ते मुक्त सॉफ्टवेअर उघडलं, तर अलीकडे वापरलेल्या फायलींत सगळ्यात वर एक नाव होतं, 'बावखल - पुन्हा'. मला वाटलं, दुसऱ्या पुस्तकाची तयारी असेल. उघडली. आमचंच पुस्तक होतं ते, पहिल्या पानापासून नव्यानं लावलेलं. समास वाकडे, चित्रं एकमेकांवर चढलेली, कुठे अक्षर मोठं, कुठे बारीक. नवशिक्यानं केलेलं काम एका नजरेत ओळखतो मी. पण नकाशांवरची नावं मात्र आपापल्या जागेवर होती, एकही निसटलेलं नव्हतं. काम सुरू केल्याची तारीख प्रकाशनानंतर आठवड्याभरातली होती, आणि शेवटची, ते गेले त्याच्या आदल्या दिवसाची.

मग डोक्यात प्रकाश पडला. पीडीएफ कशात बनवली ते पीडीएफमध्येच लिहिलेलं असतं, बघणाऱ्यानं बघितलं की दिसतं. वीस वर्षं या धंद्यात असून मी ते विसरलो होतो, आणि पीडीएफ सरांकडे होतीच, शिवाय ते प्रत्येक वस्तू उलटी करून बघणारे होते. म्हणजे दीड वर्ष ते माणसं घेऊन माझ्या दुकानात येत होते ते सगळं माहीत असताना. मला लाजवायला की मला संधी द्यायला, याचा विचार करून करून मी थकलो. कधी त्यांचा राग येतो. एकदा खडसावलं असतं तर काय बिघडलं असतं? कधी वाटतं, विचारलं तर होतं त्यांनी, ओसरीवर. बाईंना दाखवलं. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रोज दुपारी बसायचे. मी विचारलं की म्हणायचे, सुहासचं थोडं काम राहिलंय."

सर चौतिसाव्या पानापर्यंत पोचले होते. त्यांची ती चौतीस पानं मी सरळ केलेली नाहीत, करणारही नाही. पस्तिसाव्यापासून मी लावतो आहे.