हर्ण्याला नेता येईल अशी वीज

लाईट गेले तेव्हा अण्णांच्या तोंडावर मास्क होता. मशीनची घरघर एकदम थांबली, मास्कमधून येणारं औषधाचं धुकं विरलं आणि पडवीत फक्त त्यांच्या छातीतली शिट्टी ऐकू येऊ लागली. आई पदराने वारा घालायला लागली. मी उगीचच मशीनचं बटण वर-खाली करून बघितलं. अण्णांनी हातानेच खूण केली, गडबड करू नका. मग खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार टाकून, खांदे उचलून ते कितीतरी वेळ श्वास ओढत राहिले. त्या दुपारी निभावलं. पण संध्याकाळी चहा घेताना आई म्हणाली, "हे असं रोज नाही हो बघवत."

दोन हजार पाच-सहाच्या आसपासची ही गोष्ट. भारनियमन हा शब्द तेव्हा पेपरात रोज असायचा. वेळापत्रकही छापून यायचं, पण लाईट काही ते वाचून जात नव्हते. आमच्या घरात अण्णांच्या औषधाच्या वेळा त्या वेळापत्रकाभोवती फिरायच्या. त्यांचा दमा जुना. खिशात ठेवायचा पंप डॉक्टरांनी दिला होता, पण तो नीट ओढण्याइतकी ताकद छातीत उरली नव्हती. म्हणून हे नेब्युलायझर. आई त्याला 'वाफेचं मशीन' म्हणायची.

अण्णा जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी पायांवर केली होती. मोजणीची साखळी घेऊन कातळ, सडे, खाड्यांचे काठ तुडवलेला माणूस. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाचं नाव काढलं की ते आधी तिथलं पाणी कसं आहे ते सांगायचे, मग माणसं. असा माणूस गेली तीन-एक वर्षं पडवीतल्या खुर्चीत होता, आणि ती खुर्चीही प्लगजवळच्या भिंतीला लावलेली.

मुंबईच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "एक छोटा जनरेटर घेऊन टाक. कटकट मिटेल."

आमच्या शेजारच्या बागायतदारांकडे तसला रॉकेलवर चालणारा एक होता. बागेतल्या पंपासाठी नव्हे, आंब्याच्या हंगामात खोकी भरायच्या शेडमध्ये दिवे लावायला. मी विचारायला गेले तर ते स्वतःच तो उचलून आमच्या अंगणात घेऊन आले. "बघा तरी चालवून, मग ठरवा." दोरी ओढली, आणि सगळी आळी दणाणली. मांजर कौलांवर पळालं. मशीन व्यवस्थित चाललं, त्यात काही खोट नव्हती. पण वारा समुद्राकडून होता आणि रॉकेलचा धूर सरळ पडवीत आला. अण्णा खोकत खोकत उठले आणि खांद्यावरचा पंचा हलवू लागले. बागायतदारांनी ओशाळून जनरेटर बंद केला. खोकला थांबल्यावर अण्णाच त्यांना म्हणाले, "तुमच्या आंब्यांना चालेल हो हा. त्यांना दमा नाही."

मग मी इन्व्हर्टरच्या दुकानात गेले. दुकान बाजारपेठेत होतं. दुकानदार चाळिशीचा, बोलायला मोकळा. त्याने विचारलं, "पंखे किती? ट्यूब किती? टीव्ही चालवायचाय? फ्रिज?" मी सगळं सांगत गेले आणि तो मान हलवत आकडे मोठे करत गेला. शेवटी त्याने दाखवलं ते दोन बॅटऱ्यांचं धूड. भिंतीत पक्कं बसवायचं, घराच्या वायरिंगला जोडायचं, की लाईट गेलेले कळायचेसुद्धा नाहीत.

घरी येऊन सांगितलं तर आई हरखली. "मग मिक्सरही चालेल? खोबरं वाटायला बसलं की नेमके जातात." मी म्हटलं, मिक्सरचं विचारून येते. आम्ही दोघी बराच वेळ पंखा, मिक्सर, टीव्ही असं बोलत राहिलो. अण्णा ऐकत होते. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, तुम्हाला अजून काय चालवायचंय त्यावर? सांगा, म्हणजे एकदमच विचारते."

ते अंगणाकडे बघत म्हणाले, "तो हलवता येतो काय गो?"

"कोण?"

"तो इन्व्हर्टर. गाडीत घालता येतो?"

"नाही. भिंतीला बसवतात. कशाला?"

"मला हर्ण्याला जायचंय," अण्णा म्हणाले.

हर्ण्याला माझी आत्या. अण्णांहून मोठी, गुडघ्यांनी बसवलेली. तिला रत्नागिरीपर्यंत येणं शक्य नव्हतं आणि अण्णांना तिच्यापर्यंत जाणं. महिन्यातून एकदा दोघं फोनवर बोलायची. तेही काय, तर तिकडे पाऊस किती, इकडे किती. मासळी काय आली. जायचं आहे असं त्यांनी तोपर्यंत एकदाही म्हटलं नव्हतं.

आई म्हणाली, "अहो, दिवसभराचा प्रवास. मधे मशीन लागेल."

"म्हणून तर विचारतोय," अण्णा म्हणाले. "घरात काय, लाईट आज ना उद्या येतीलच. मला दारातनं बाहेर पडता येईल असं काहीतरी बघा."

ते ऐकल्यावर मला वाटलं, आपण दुकानात सगळ्या घराची वीज मागत होतो आणि ज्याच्यासाठी मागायची त्याला विचारलंच नव्हतं. पंखा, मिक्सर, टीव्ही सगळं बाजूला राहिलं. गरज एका मशीनची होती. दिवसातून चार वेळा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं. बस.

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. एखादी वस्तू किती वॅटची आणि ती किती वेळ चालते, याचा गुणाकार फळ्यावर कितीदा मांडला असेल. त्या संध्याकाळी मशीन उलटं करून त्याच्या पोटाखालची पट्टी वाचली आणि तोच गुणाकार स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून केला. मशीन ओढायचं एका पंख्यापेक्षा थोडं जास्त, पण वेळ इतका थोडा की दिवसभराची सगळी वीज एका मध्यम बॅटरीत मावत होती.

दुसऱ्या दिवशी मशीनच पिशवीत घालून दुकानात नेलं. दुकानदाराला सगळं सांगितलं, आत्याचंसुद्धा. तो हसला. "मॅडम, हे आधी सांगायचं ना. मी तुमच्या घराचा विचार करत होतो." त्याने गाडीत वापरतात तसा एक लहान इन्व्हर्टर काढला, बॅटरीला जोडला आणि आमचं मशीन लावलं. ते चाललं, पण नेहमीसारखं नाही. बाटलीत अडकलेल्या भुंग्यासारखं गुरगुरायला लागलं. धुकं पातळ, आणि थोड्याच वेळात हात लावून बघितलं तर मशीन तापलेलं.

"याच्या विजेची लाट चौकोनी आहे," दुकानदार म्हणाला. "दिव्याला चालते. मोटारीला सोसत नाही. घरच्या विजेसारखी गोल लाट देणारा लागेल. तो माझ्याकडे नाही, कोल्हापुरातनं मागवतो."

"लागेल तितकी वाट बघू," मी म्हटलं.

बॅटरीवरही चर्चा झाली. गाडीची साधी बॅटरी एका झटक्यात खूप देते, पण पुनःपुन्हा रिकामी केली की लवकर मरते. शिवाय आत ॲसिड, कलंडली की गाडीभर. त्याने बंद तोंडाची, न सांडणारी घ्यायला सांगितली. त्यातही एक मोठी आणि एक लहान अशा दोन होत्या. मी मोठीकडे बघत होते. मोठी असली की काळजी नाही, असं आपल्याला वाटतंच. पण मग मी विचार केला, मी शाळेत असताना ही कोण उचलणार? म्हणून रविवारी आईलाच दुकानात घेऊन गेले. तिने पदर खोचला आणि मोठी बॅटरी उचलायला गेली. ती जागची हलली नाही. लहान मात्र तिने गुडघ्यापर्यंत उचलली.

"ही येते," ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूने कोणी धरलं तर हर्ण्यापर्यंत नेते."

आमची निवड अशी झाली. कोल्हापूरचा इन्व्हर्टर आल्यावर सुताराकडून फणसाच्या लाकडाची पेटी करून घेतली. खाली बॅटरी, वर इन्व्हर्टर, हवा खेळायला भोकं आणि दोन बाजूंना दोरीच्या कड्या.

अण्णांचा तेवढ्यावर विश्वास बसेना. "मोजल्याशिवाय हद्द ठरत नाही," असं म्हणून त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी आईला मेन स्विच पाडायला लावला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळी औषधं पेटीवर घेतली. रात्रीचं जेवण झाल्यावर गंमत म्हणून आणखी एकदा मशीन लावलं. चाललं. अण्णा मास्कच्या आतून काहीतरी म्हणाले. मास्क काढून पुन्हा म्हणाले, "जीपवाल्याला विचारून ठेव."

दिवाळीनंतर निघालो. भाड्याची जीप, पुढे ड्रायव्हरशेजारी अण्णा, मागे मी आणि आई, आणि आमच्या दोघींच्या मधे ती पेटी. चिपळूणपर्यंत अण्णांनी ड्रायव्हरला बोलू दिलं नाही. हा सडा कुठवर जातो, त्या वळणावरची विहीर कोणी बांधली, या वाडीत ताक मागितलं तर जेवूनच जा म्हणतात. आई मला कोपराने ढोसून हळूच म्हणाली, "ऐकतेस ना? दम लागला नाही अजून."

चिपळूणहून गुहागरच्या बाजूला वळून आम्ही धोपाव्याला फेरीबोटीवर गाडी चढवणार होतो. खाडी ओलांडली की पलीकडे दाभोळ, तिथून हर्णे लांब नाही. वाटेत डाव्या हाताला अंजनवेलच्या वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसल्या. अण्णांनी मागे वळून पेटीकडे बघितलं. "तिथे एवढा मोठा कारखाना, आणि आपण वीज घरनं बांधून आणलीय. दशम्यांसारखी."

जीप बोटीवर चढली आणि अण्णांची औषधाची वेळ झाली. रस्त्याच्या धुळीने शिट्टीही सुरू झाली होती. मी मशीन जोडलं, पेटीचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दिवासुद्धा लागेना. आईचा चेहरा उतरला. बोट निघाली होती. पाण्याचा वास, इंजिनाचा धडधडाट, चारी बाजूंनी माणसं, आणि अण्णा पुढच्या सीटवर खांदे उचलून श्वास घेतायत.

"घाई नको," ते तुटक तुटक म्हणाले. "आधी... बघ नीट."

मी झाकण काढलं. खड्ड्यांनी बॅटरीच्या एका टोकावरचा चाप सैल होऊन वायर सुटली होती. हाताने बसवली तर पुन्हा सुटे. माझ्याकडे पाना नव्हता. ड्रायव्हरने सीटखालून काढून दिला. नट आवळला, बटण दाबलं आणि हिरवा दिवा लागला. मशीन घरच्यासारखंच घरघरायला लागलं. जीपच्या खिडकीशी टोपली घेऊन उभी असलेली एक कोळीण वाकून बघत होती.

"काय गो बाय, पेटीत काय हाय?"

"लाईट आहे," आई म्हणाली.

"आनि म्हाताऱ्याला कुठं चाललाव घेऊन?"

आई उत्तर देणार तेवढ्यात अण्णांनी मास्क बाजूला केला आणि स्वतःच सांगितलं, "बहिणीकडे."

कोळणीने मान डोलावली. "मंग जावा, जावा," असं म्हणून ती दाभोळ येईपर्यंत तिथेच उभी राहिली. तिच्या अंगामुळे खिडकीत वारा कमी येत होता, हे मला नंतर कळलं. तिने ते मुद्दाम केलं की काय, ठाऊक नाही.

आत्या ओसरीत पाट टाकून बसली होती. सकाळपासून तिथेच होती म्हणे. तिला उठता येईना आणि अण्णांना पायऱ्या एका दमात चढता येईनात. एकेक पायरी चढून थांबत, थांबून चढत अण्णा वर पोचले आणि तिच्याशेजारी जमिनीवरच बसले. कितीतरी वर्षांत मी त्यांना जमिनीवर बसलेलं बघितलं नव्हतं.

"मेल्या, किती वाळलास!" आत्या म्हणाली. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "मासळी खातोस ना?"

"इथली नाही मिळत."

"आज मिळेल," ती म्हणाली आणि आतल्या सुनेला हाक मारली.

संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव असतो, तिथे अण्णांना जायचंच होतं. सुनेने खुर्ची घेतली, आई आणि मी पेटी. वाळूवर बोटींच्या समोर मासळीचे ढीग लागले होते, भाव ओरडले जात होते, बैलगाड्या पाण्यात शिरत होत्या. अण्णा खुर्चीत बसून मान ताणून एकेक ढीग बघत होते. पेटीची गरजच लागली नाही. ती खुर्चीजवळ तशीच राहिली, आणि एक कुत्रं तिच्या सावलीत येऊन झोपलं.

दोन दिवसांनी परतायचं ठरलं होतं. जीपही सांगून ठेवली होती. त्या सकाळी अण्णा म्हणाले, "तुझी शाळा आहे, तू जा. आम्ही राहतो थोडे दिवस."

मी आईकडे बघितलं. तिने आधीच पिशवीतली लुगडी काढून आत्याच्या फडताळात ठेवली होती. पेटी लाईट असताना कशी चार्ज करायची, चाप कधी तपासायचा, हे मी सुनेला दाखवलं. तिने एकदा माझ्यासमोर सगळं करून दाखवलं. घरातलाच एक पानाही पेटीशेजारी ठेवला. मग जीप नको म्हणून कळवून मी एसटीने एकटीच रत्नागिरीला परत आले.

घर उघडलं. पडवीतली खुर्ची रिकामी होती आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट केर काढताना ती पहिल्यांदाच बाजूला सरकवता आली.

पुढच्या रविवारी सकाळी हर्ण्याला फोन लावला. आईने उचलला. आत्याने तिला कसलं तरी लोणचं घालायला बसवलं होतं. छाती कशी आहे, विचारलं. बरी आहे म्हणाली, काल धुकं होतं म्हणून दोनदा जास्त मशीन लावलं, पण बरी आहे.

"अण्णांना दे ना जरा," मी म्हटलं.

"ते नाहीत गो घरात," आई म्हणाली. "समुद्रावर गेलेत. दुपारी कर फोन."