बाथटबचं सिलिकोन

गाडीच्या टर्बोच्या हवेच्या पाइपला चीर गेली, तेव्हा मी ती बाथटबच्या फटी भरून उरलेल्या सिलिकोनने बुजवली. थोड्याच दिवसांत ऑक्सिजन सेन्सर बिघडला. इंजिनात हवा आणि पेट्रोलचं प्रमाण जमतंय का, ते हाच सांगतो. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की इथे परदेशात, आमच्या किचनर शहरभर काळा धूर. नवा सेन्सर घातला, तोही गेला.

गाडी मला ऑफिसातल्या पुणेकर मित्राने विकली होती, "घरचीच समज" म्हणून. घरच्यानेच गळा कापला, असं मी ठरवून टाकलं. त्याचे फोन घेणं बंद केलं आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, भेटेल त्याला ही फसवणूक रंगवून सांगितली. दर वेळी ती जरा वाढायची.

ते त्याच्या कानावर गेलंच. न कळवता ड्राइव्हवेत येऊन त्याने बॉनेट उघडलं आणि पाइपवरचा पांढरा थर नखाने खरवडला.

"हे काय लावलंस?"

"बाथटबचं."

"अरे, याची वाफ इंजिनातून जाऊन सेन्सरवर बसते. कितीही बदल, मरणारच. गावभर सांगण्याआधी मला विचारायचंस की."

त्याने बॉनेट लावलं.

"विकताना गाडी नीट तपासली होती मी. गिऱ्हाईक तपासायचं राहिलं."