बरगड्यांखालचा खड्डा

१२ नोव्हेंबर. हा दिवस जगभर न्यूमोनिया दिन म्हणून पाळला जातो. त्या सकाळी बालरुग्ण विभागाच्या दारावर फुगे लावले होते आणि दुपारच्या आत मुलांनी त्यातले दोन फोडलेही होते.

घरी निघालेल्या मुलांच्या आयांची तयारी करून घेणे हे तिथल्या थोरल्या सिस्टरांचे काम. परीक्षा घेतल्याशिवाय त्या कोणाला सोडत नसत, म्हणून विभाग झाडणाऱ्या मावशींनी त्यांचे नाव ‘मास्तरीणबाई’ ठेवले होते. औषध किती द्यायचे, ताप आला तर काय करायचे, हे सगळ्याच सिस्टर सांगत. मास्तरीणबाईंची एक रीत मात्र त्यांची स्वतःची होती. बऱ्या झालेल्या मुलाच्या छातीवर धोक्याची खूण दाखवता येत नाही. म्हणून त्या आईला नव्याने दाखल झालेल्या एखाद्या बाळाच्या खाटेपाशी नेत, त्याच्या आईची परवानगी घेत आणि झबले वर करून प्रत्यक्षच दाखवत.

त्या दिवशी पाळी एका शिवणकाम करणाऱ्या बाईची होती. कडेवर न्यूमोनियातून बरी झालेली दीड वर्षाची लेक. ती सिस्टरांच्या खिशातले पेन ओढत होती.

“श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय. दिसला?”

“दिसला की. माझी नजर मापाचीच आहे, सिस्टर.”

“घरी हे दिसलं तर काय करायचं?”

“हातातलं शिवण टाकून पळत यायचं.”

“पास!” केरसुणी थांबवून मावशी म्हणाल्या. “आता सोडा तिला, मास्तरीणबाई. नाहीतर पदवी देऊनच पाठवाल!”

चार दिवसांनी तीच लेक परत आली, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी शर्थ केली. संध्याकाळी ती गेली.

मास्तरीणबाई आईजवळ बसल्या. विचारू नये ते त्यांच्या तोंडून निघालेच. “खड्डा दिसला नाही का हो?”

“कालपासून दिसत होता.” बाईच्या आवाजात तक्रार नव्हती. “पण त्या बाळाएवढा खोल नव्हता. सारखं झबलं वर करून बघत होते मी. तुम्ही दाखवलात तेवढा झाला, आणि लगेच निघाले.”

खूण म्हणून मास्तरीणबाईंनी जे दाखवले, ते बाईने माप म्हणून घरी नेले होते. नीट दिसावे म्हणून त्या नेहमी सर्वांत अत्यवस्थ बाळ निवडत. पुसट खड्डाही निघून येण्यास पुरेसा असतो, हे वेगळे सांगायला हवे, असे त्यांच्या कधी मनातच आले नव्हते.

त्यानंतर त्यांनी कोणालाही दुसऱ्याच्या खाटेपाशी नेले नाही. “नुसती शंका आली तरी या,” एवढेच त्या सांगत. आया मान डोलावत. कोणाला काय कळले, याची खात्री मात्र त्यांना उरली नव्हती.

एक दिवस आधी आणली असती तर ती मुलगी वाचली असती का, याचे उत्तर डॉक्टरांनी दिले नाही. देता येण्यासारखे नव्हतेच. याआधी किती आयांनी असेच माप घरी नेले, याची कुठेही नोंद नाही. परत न आलेली मुले बरी झाली, असे मास्तरीणबाई इतकी वर्षे धरून चालल्या होत्या. ती खरोखर बरी झाली की नाही, हे अजूनही कोणाला ठाऊक नाही.